हौशी ज्योतिर्मंडळें आणि मावळचें आकाश

मंडळ स्थापन करणें ही गोष्ट महाराष्ट्रास नवीन नाहीं. चार समानशील माणसें एकत्र जमलीं कीं मंडळ निघतें, नियम तयार होतात, वर्गणी ठरते आणि पहिल्या वर्षाचा अहवाल मोठ्या उत्साहानें छापला जातो. दुसऱ्या वर्षीं उपस्थिति रोडावते. तिसऱ्या वर्षीं चिटणीस व खजिनदार हेच काय ते सभासद उरतात. वाचनालयें, व्याख्यानमाला, गिर्यारोहणाचे संघ या सर्वांच्याच वांट्यास हें थोडेंबहुत येतें. परंतु आकाशदर्शनाचा छंद असणाऱ्या मंडळांची अडचण कांहीं निराळी आहे. त्यांची बैठक रात्रीं भरते. ती शहरापासून दूर, काळोखांत भरवावी लागते. चंद्र असतां ती भरविण्यांत फारसा अर्थ नाहीं, आणि पावसाळ्यांत ती भरवितांच येत नाहीं. शिवाय जें पाहावयास जावयाचें तें वर्षानुवर्षें तेंच. शनीचीं कडीं एकदां पाहिलेल्या मनुष्यानें थंडीच्या दिवसांत झोंप मोडून पुन्हां तींच कडीं पाहावयास कां यावें? हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. गेल्या सव्वाशें-दीडशें वर्षांत आपल्या देशांत ज्योतिषाच्या ज्या संस्था निघाल्या, मोडल्या व टिकल्या, त्यांचा इतिहास याच प्रश्नाभोंवतीं फिरतो असें आम्हांस वाटतें. आणि त्याचें उत्तर पारखून पाहण्यास मावळाएवढें सोयीचें ठिकाण क्वचितच सांपडेल.

आंध्रा, इंद्रायणी व पवना या नद्यांच्या खोऱ्यांनीं बनलेला हा प्रदेश मुंबई व पुणें या दोन्ही शहरांच्या आटोक्यांतला आहे. बोरघाटांतून १८६३ सालीं आगगाडी धावूं लागल्यापासून लोणावळें व खंडाळें हीं शहरवासीयांचीं विश्रांतिस्थानें झालीं. पश्चिमेस सह्याद्रीचा कडा, मध्यें लोहगड, विसापूर, तुंग व तिकोना हे किल्ले, आणि डोंगरांच्या आड दडलेलीं खेडीं, अशी रचना असल्यामुळें शहरांचा उजेड येथें फार काळ पोंचला नव्हता. मावळचा अक्षांश सुमारें पावणेएकोणीस अंश. त्यामुळें उत्तरेस ध्रुव क्षितिजाच्या वर जितका दिसतो, जवळ जवळ तितक्याच उंचीवर दक्षिणेस मध्यान्हीं आलेला अगस्त्य दिसतो. त्रिशंकूचा खालचा तारा क्षितिजापासून आठ अंश वर येतो. युरोपांतील मोठमोठ्या नगरांतून जें आकाश कधींच दृष्टीस पडत नाहीं, तें येथील मेंढपाळास आयतें लाभलें आहे. भाजें येथील लेण्यांत रथारूढ सूर्याचें म्हणून ओळखलें जाणारें जें प्राचीन शिल्प आहे, तें पाहणाऱ्यास या खोऱ्यांचा आणि आकाशाचा संबंध किती जुना आहे याची सहज कल्पना येते.

परंतु या लाभास एक मोठी अट आहे. लोणावळ्यास वर्षाकाठीं सरासरी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर हे चार महिने आकाश असें नसतेंच. ऑक्टोबर बेभरंवशाचा. उरलेल्या महिन्यांत अमावास्येच्या जवळपासचा शनिवार धरला, तर वर्षाला सात-आठ रात्री हातीं येतात. त्यांतील एक-दोन ढगांत जातात. म्हणजे ज्या छंदास सवयीची जोड हवी, त्यास वर्षाचा एक तृतीयांश भाग सक्तीनें बंद ठेवावा लागतो. अगस्त्य उगवला कीं पाणी निवळतें असें आपले जुने लोक म्हणत. पाणी निवळतें खरें. पण तोंपर्यंत पुष्कळ सभासदांचा उत्साहही निवळलेला असतो!

आतां थोडें मागें जाऊं. महाराष्ट्रांत आकाशाची गोडी लागली ती प्रथम पंचांगाच्या निमित्तानें. जुन्या ग्रंथांवरून काढलेलीं ग्रहांचीं स्थानें आणि डोळ्यांना दिसणारीं स्थानें यांत अंतर पडूं लागलें होतें. ग्रहण पंचांगांत एका वेळीं व आकाशांत दुसऱ्या वेळीं लागूं लागलें, तर सामान्य मनुष्यही वर पाहूं लागतो. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं पटवर्धनी पंचांगाच्या रूपानें आणि पुढें लोकमान्य टिळकांनीं पंचांगशुद्धीची चळवळ हातीं घेऊन जो आग्रह धरला, त्याचें बीज 'दृक्प्रत्यय' या एका शब्दांत आहे: गणित डोळ्यांस पटलें पाहिजे. याच काळांत शंकर बाळकृष्ण दीक्षित या शिक्षकानें 'ज्योतिर्विलास' लिहून सामान्य वाचकास रात्रीच्या दोन घटकांची मौज दाखविली, आणि १८९६ सालीं 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. व्यंकटेश बापूजी केतकरांनीं १९११ सालीं नेपच्यूनच्या पलीकडील ग्रहाविषयीं आपलें गणित फ्रान्समधील ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेंत छापविलें. हीं माणसें थोर होतीं. परंतु त्यांचें काम एकट्यानें बसून करावयाचें होतें. त्यांच्याभोंवतीं वाचक जमले. बरोबरीनें आकाश पाहणारें मंडळ जमलें नाहीं.

साधनांची उणीव हें त्याचें कारण म्हणावें, तर पुण्यांत त्याच काळीं साधनही होतें. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीनें येथील कॉलेज ऑफ सायन्समध्यें १८८८ सालीं वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे प्रमुख. तेथें वीस इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण होती. त्या काळीं हिंदुस्थानांत तिच्याएवढी दुसरी दुर्बीण नव्हती. नायगमवालांनीं तिच्या साहाय्यानें पुष्कळ काम केलें. परंतु १९१२ सालीं ते सेवानिवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालास गेली. हिंदुस्थानांतील सर्वांत मोठी दुर्बीण पुण्याहून उचलून नेली गेली, आणि ती अडवून धरील असा आकाशदर्शकांचा समाज पुण्यांत तयार झालेला नव्हता. संस्था एका मनुष्याची असली कीं तिचें आयुष्यही त्या मनुष्याच्या नोकरीएवढेंच असतें, हा पहिला धडा.

दुसरा धडा याच नायगमवालांच्या चरित्रांतला, पण उलट बाजूचा आहे. २२ जानेवारी १८९८ रोजीं झालेलें खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठीं त्यांनीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें तळ दिला. अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल हेही आपल्या पत्नीसह व सहायकांसह तेथें आले होते. खग्रास स्थिति अवघी दोन मिनिटें टिकावयाची. अशा वेळीं एका मनुष्यानें सर्व उपकरणें चालविणें अशक्य असतें. म्हणून ग्रहणाच्या मोहिमेंत प्रत्येकास एक ठराविक काम नेमून देण्याची रीत आहे. एकानें सेकंद मोजावयाचे, एकानें काच सरकवावयाची, एकानें झांकण उघडावयाचें. ज्याच्या हातीं झांकण आहे त्यास सूर्याकडे पाहावयास सवड मिळाली नाहीं तरी चालते. त्याच्यावांचून छायाचित्र निघत नाहीं हें त्यास ठाऊक असतें. कित्येक दिवसांची तालीम मनुष्य दोन मिनिटांसाठीं करतो तो केवळ दृश्याच्या लोभानें नव्हे; आपण नसलों तर एक जागा रिकामी राहील, या जाणिवेनें.

लंडनमध्यें १८९० सालीं स्थापन झालेल्या ब्रिटिश ज्योतिषसंघानें हेंच तत्त्व कायमच्या व्यवस्थेंत आणलें. चंद्र, उल्का, रूपविकारी तारे असे त्याचे निरनिराळे विभाग. प्रत्येक विभागास एक संचालक. सभासदानें आपल्या घरून वेध घ्यावे आणि टिपणें त्याच्याकडे पाठवावीं. आपल्याकडे हॅलेचा धूमकेतु १९१० सालीं येऊन गेला त्याच वर्षीं कलकत्त्यास भारतीय ज्योतिषसंस्था निघाली, तीही याच धर्तीवर. चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यासारख्यांचा तिच्याशीं संबंध होता. तरी ती फार वर्षें टिकली नाहीं. जे मूठभर लोक काम वांटून देत, ते कलकत्त्याहून गेले आणि विभाग कागदावर राहिले. याउलट बंगालमधील जेसोर येथें राधागोविंद चंद्र नांवाचे सरकारी खजिन्यांतील एक साधे कर्मचारी होते. हॅलेच्या धूमकेतूनेंच त्यांना आकाशाचें वेड लागलें. अमेरिकेंतील रूपविकारी तारे पाहणाऱ्यांच्या संघाकडे १९१९ ते १९५४ पर्यंत त्यांनीं सदतीस हजारांहून अधिक वेध पाठविले. त्या संघानेंच पुढें त्यांस सहा इंची दुर्बीण पाठविली. हा मनुष्य एकही सभा न पाहतां पस्तीस वर्षें सभासद राहिला. कारण हजारों मैलांवर कोणी तरी आपल्या आंकड्यांची वाट पाहात आहे, हें तो जाणून होता.

पुण्यांत समाज म्हणून आकाशदर्शनास आरंभ झाला तो महायुद्ध चालू असतांना. २२ ऑगस्ट १९४४ रोजीं ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी ज्योतिर्विदांच्या आज हयात असलेल्या संस्थांत देशांत तीच सर्वांत जुनी मानली जाते. तख्तसिंहजी वेधशाळेशीं तिची तुलना करून पाहावी. वेधशाळेपाशीं राजाची देणगी, सरकारी कॉलेज व प्रचंड दुर्बीण होती. ती चोवीस वर्षें टिकली. परिसंस्थेपाशीं वर्गणी भरणारे सभासद होते. तिला आठ दशकें उलटून गेलीं. मुंबईस हॅलेच्या पुढील फेरीच्या वेळीं, म्हणजे १९८५-८६ च्या सुमारास, खगोल मंडळ उभें राहिलें. घाटाच्या पायथ्याकडील वांगणी येथें अमावास्येच्या आसपास रात्रभर आकाशदर्शन करण्याची त्याची प्रथा मुंबईकरांच्या चांगली परिचयाची आहे. धूमकेतूच्या निमित्तानें निघालेलें मंडळ धूमकेतु गेल्यावरही चालूं शकतें, हें त्यानें दाखविलें. हॅलेचा धूमकेतु आतां २०६१ सालीं येणार. तोंपर्यंत सभासदांस कशानें धरून ठेवावें, हा त्याच्याही पुढें प्रश्न होताच.

मावळांत अशा रात्री आम्हीं पाहिल्या आहेत. त्यांतील गळतीचें कारण बहुधा हिशेबानेंच उलगडतें. चाळीस माणसें आणि एक दुर्बीण अशी सामान्यतः योजना असते. प्रत्येकास दोन मिनिटें दिलीं तर एक फेरी ऐंशी मिनिटांनीं पुरी होते. रात्रीं आठपासून पहांटे चारपर्यंत सहा फेऱ्या. म्हणजे आठ तासांच्या जागरणांत एका मनुष्याच्या वांट्यास दुर्बिणीचीं बारा मिनिटें येतात. बाकीचा वेळ त्यानें काय करावें? कोणी एक माहितगार हातांत दिवा घेऊन तारे दाखवितो, तें नवख्यास गोड वाटतें. दुसऱ्या सहलीस तोच मृग, तोच व्याध आणि त्याच कथा. तिसऱ्या सहलीस तो सभासद येत नाहीं, आणि आपण त्याच्या निरुत्साहास दोष देतों. वास्तविक त्यास आपण प्रेक्षक म्हणून बोलाविलें, आणि प्रेक्षकाप्रमाणेंच खेळ पाहून तो घरीं गेला. त्यांत त्याचा काय अपराध?

यास उपाय म्हणून मोठी दुर्बीण घेणें व्यर्थ आहे. तिच्यामुळें रांग तेवढी लांबते. उपाय हाच कीं, दुर्बिणीबाहेरच्या वेळांत प्रत्येकाच्या हातीं कांहीं काम असावें. आणि सुदैवानें हें शास्त्र नुसत्या डोळ्यांच्या कामास अजून वाव देतें. डिसेंबरच्या १३-१४ तारखांस मिथुन राशींतून उल्का पडतात. चार माणसांनीं चार दिशा वांटून घ्याव्या, पांचव्यानें घड्याळ पाहून नोंद करावी; सकाळीं तासागणिक आंकडा हातीं येतो. ऑगस्टांतील ययातीच्या उल्का मावळांत ढगांआड जातात, म्हणून डिसेंबरच्या या रात्रीस येथें विशेष मोल. ययातींतील अल्गोल हा तारा दर दोन दिवस, वीस तास व एकूणपन्नास मिनिटांनीं मंदावतो. शेजारच्या ताऱ्यांशीं ताडून त्याची प्रत ठरविणें नवख्यासही महिन्याभरांत साधतें. मृगांतील काक्षी तारा २०१९-२० च्या हिंवाळ्यांत एवढा मंद झाला कीं जगभर गवगवा झाला. ज्यानें दर हिंवाळ्यांत त्याची प्रत टिपून ठेविली होती, त्यास ही गोष्ट वर्तमानपत्रानें सांगावी लागली नसेल. मार्च अखेरच्या अमावास्येस फ्रेंच ज्योतिर्विद मेस्ये याच्या यादींतील एकशें दहा पदार्थ एका रात्रींत शोधण्याची चढाओढ लावतां येते. मेस्येनें ती यादी केली ती धूमकेतु शोधतांना या अंधुक ठिपक्यांनीं फसूं नये म्हणून. ती पुरी करणारा सभासद आकाशांत वाट चुकत नाहीं, आणि पुढच्या वर्षीं दुसऱ्यास शिकवावयास आपण होऊन येतो.

राहिला पावसाळा. चार महिने मंडळ मिटून ठेविलें तर ऑक्टोबरांत तें पुन्हां उघडेलच अशी शाश्वति नाहीं. परंतु हिंवाळ्यांत टिपणें झालेलीं असतील, तर पावसाळ्यास आपोआप काम मिळतें: तीं ताडून पाहणें, आलेख काढणें, योग्य त्या संघाकडे पाठविणें, दुर्बिणीचे आरसे पुसणें, पुढील हंगामांतील पिधानांच्या वेळा काढणें. टिपणें नसतील तर पावसाळ्यांत केवळ व्याख्यानें उरतात, आणि व्याख्यान ऐकावयास मनुष्य मंडळाचा सभासद असावाच लागतो असें नाहीं.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो विचारांत घेण्यासारखा आहे. लोक आठवडाभर कचेरींत काम करून शनिवारीं मोकळेपणासाठीं येतात. त्यांच्या हातीं पुन्हां वही-पेन्सिल दिली तर जे येतात तेही पळून जातील. दीक्षितांनींसुद्धां 'मौज' हाच शब्द वापरला, 'काम' नव्हे. हें खरें आहे. आकाशाखालीं निमूटपणें पडून राहणें हाही एक मोठा लाभ आहे, आणि ज्यास तेवढेंच हवें त्यास तें सुखानें लाभूं द्यावें. परीक्षा घेणारें मंडळ प्रेक्षक जमविणाऱ्या मंडळापेक्षांही लवकर मोडेल. परंतु काम म्हणजे परीक्षा नव्हे. सेकंद मोजणें, चहा उकळणें, लहान मुलांस ध्रुव दाखविणें, काळोखास सरावलेल्या डोळ्यांवर कोणी पांढरा दिवा पाडूं नये म्हणून लक्ष ठेवणें, हींही कामेंच. पालखीबरोबर चालणाऱ्या दिंडींत वीणेकऱ्यास वीणा, टाळकऱ्यास टाळ आणि कोणास तरी पाण्याचा हंडा असतो; त्यामुळें वारीची गोडी कमी झाली असें कोणी म्हटल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं.

या सर्व विवेचनास आतां निकडीचें कारण उत्पन्न झालें आहे. २००२ सालीं पूर्ण झालेला द्रुतगति महामार्ग, तळेगांवकडील कारखाने, लोणावळ्याच्या डोंगरउतारांवरील बंगले व उपाहारगृहें आणि पवनेच्या काठीं तंबूंतून रात्र घालविण्याचा वाढता धंदा, यांनीं मावळचा काळोख चहूं बाजूंनीं कुरतडला जात आहे. तंबूवाले 'तारे दाखवूं' असें सांगून गिऱ्हाइकें आणतात, आणि त्याच काठावर रात्रभर दिव्यांच्या माळा जळत ठेवितात! काळोख गेला असें नुसतें म्हणून कोणी ऐकत नाहीं. किती गेला, कोठून गेला आणि किती वर्षांत गेला, हें सांगतां आलें पाहिजे. मृगाच्या चार पायांच्या चौकोनांत नुसत्या डोळ्यांनीं किती तारे दिसले, एवढा एक आंकडा दर अमावास्येस त्याच जागेवरून टिपला, तर दहा वर्षांत त्या जागेच्या काळोखाचा दाखला तयार होतो. त्यास दुर्बीण लागत नाहीं. न चुकतां येणारा सभासद लागतो. नागपूरकडील पेंच व्याघ्रप्रकल्पास जानेवारी २०२४ मध्यें काळोख्या आकाशाचें राखीव उद्यान म्हणून मान्यता मिळाली. तेथें जंगलास वनखात्याचा पाठिंबा होता. मावळांत राखीव जंगलाची तशी सलगता नाहीं. येथें खेडीं, शेतें, धरणें आणि दोन शहरांचा लोट आहे. येथील आकाशाच्या बाजूनें उभा राहील तो जाणता नागरिकच, आणि असा नागरिक हौशी मंडळांखेरीज दुसरीकडे घडत नाहीं.

१९१२ सालीं पुण्याहून दुर्बीण गेली तेव्हां आकाश जागच्या जागीं होतें, पाहणारे नव्हते. आज दुर्बिणी पुष्कळ आहेत आणि सहलीस येणाऱ्यांची वाणही नाहीं. येत्या अमावास्येच्या शनिवारीं जीं मंडळें घाटाकडे निघतील, त्यांच्या चिटणिसांनीं सामानाच्या यादीबरोबर आणखी एक यादी करावी अशी आमची विनंति आहे: येणाऱ्या प्रत्येकाचें नांव, आणि त्याच्या पुढें त्या रात्रीचें त्याचें काम.